दादाच्या छत्रीचं ऑपरेशन

…आणि वर मलाच विचारता, बोटाला काय झालं! अहो, बोटाचं काय घेऊन बसलात? या अख्ख्या गल्लीत समुद्रातल्या जिवंत प्राण्यावर शस्त्रक्रिया केलेला दुसरा माणूस दाखवा मला. दाखवाच! सातवी नापास आहे मी, पण ब्लेड हातात घेतलं की हात असा… दगड! भूल नाही, नर्स नाही, बारा मिनिटांत रोगी मोकळा. आता रोगी मुळात ठणठणीत होता, खरा रोग माझ्या ब्लेडनंतर सुरू झाला, आणि ब्लेड सगळ्यात आधी माझ्याच बोटात घुसलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर सांगत नव्हतो.

बसा. हसू नका. म्हणजे आत्ता हसा, पुढे नाही जमणार.

तर दादा गेला. थोरला भाऊ माझा. चार महिने झाले. आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केली त्याने. दुकानदाराचा काटा केसभर हलला तरी याची भुवई वर! घरातही तेच. आणि मी धाकटा, मी काय केलं आयुष्यभर? त्याच्या भुवया वर करायचं काम केलं. साठ वर्षं! त्याच्या बुटात बेडूक, चष्म्याच्या काचेला साबण, घड्याळ वीस मिनिटं पुढे… त्याचं काय होतं तुम्हाला सांगतो, चिडायचा नाही हो कधी. नुसतं बघायचा. चिडणाऱ्याचं विसरता येतं, बघणाऱ्याचं कसं विसरायचं?

निवृत्त झाल्यावर त्याने आतल्या खोलीत काचेची टाकी आणली. पाच फूट! खाऱ्या पाण्याची. समुद्रच घरात. मासे म्हणाल तर दोनच, नारंगी अंगावर पांढरे पट्टे, नवरा-बायको. बाकी सगळी प्रवाळं. प्रवाळ म्हटलं की तुम्हाला अंगठीतला खडा आठवणार, पण हे तसं नव्हे, हे मऊ, जिवंत. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे दादाची छत्री. मनगटाएवढा जाड देठ, वर ताटाएवढी टोपी, आणि टोपीवर शेकडो बारीक बोटं, पाण्यात अशी… सावकाश… हलणारी. कुणाला बोलावताहेत की जा म्हणताहेत, कळत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "दादा, हे काय, कोबी पाळलीस?" त्याने नुसतं बघितलं.

आता माणूस गेला की त्याच्या वस्तू गप्प बसतात की नाही? चष्मा गप्प, काठी गप्प. ही टाकी गप्प बसेना! सकाळी नऊच्या ठोक्याला दिवा लागतो. आपोआप. पाणी उडून कमी झालं की कुठून तरी टुळुक करून तेवढंच पाणी पडतं. आपोआप. संध्याकाळी साडेसहाला पांढरा उजेड जाऊन निळा येतो आणि अख्खी खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. घरातला सगळ्यात वेळेवर वागणारा माणूस गेला, आणि तरी सगळं वेळेवरच होतंय! मी स्वतःलाच समजावतो, भूतबित काही नसतं, टायमर असतो. दादाने लावून ठेवलेला टायमर.

पण त्या साडेसहाला काय होतं, तुम्हाला सांगतो. उजेड निळा झाला की वहिनी खुर्ची ओढते, छत्रीसमोर बसते आणि बोलते. दादाशी. छत्रीकडे बघून. "अहो, आज नळाचं वायसर बदलून घेतलं. अहो, त्या खिडकीतून वारा येतोय, तुम्हाला लागत नाही ना?" आणि छत्रीची बोटं अशी… हलतात. पंपामुळे हो! पण वहिनीला ते उत्तर वाटतं. अर्धा तास बोलते, मग उठते आणि दोन घास जेवते. ज्या दिवशी बसली नाही, त्या दिवशी जेवली नाही. सोपा हिशेब. म्हणजे घरात त्या बाईला जेवायला लावणारं कोण? मी नाही. छत्री!

आणि छत्री सांभाळायची कुणी? तर मी. कारण दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, दादाच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क, वहिनी उशाशी, मी पायथ्याशी. दादाने मास्क जरासा उचलला आणि म्हणाला, "छत्रीकडे बघशील ना?" आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? "हो दादा, काळजी करू नकोस." मी काय म्हणालो? "बघतो की! तू नसताना भाजी करून खातो तिची."

झालं. त्याने मास्क खाली सोडला. माझ्याकडे बघितलं. आणि मी… मला तिथे थांबवेना, मी बाहेर गेलो, जिन्याजवळ उभा राहिलो. परत आलो तर दादा नव्हता.

हसला का तो? की लागलं त्याला? मास्कमुळे दिसलंच नाही हो. साठ वर्षं ज्या माणसाला हसवायला धडपडलो, त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते, आणि ते लागलं की हसवलं, हे मला ठाऊक नाही. वहिनीला विचारायचं? कुठल्या तोंडाने?

असो. भूतबित काही नसतं.

मग गेल्या महिन्यात छत्री मिटली. एका सकाळी बघतो तर सगळी बोटं आत. टोपी आक्रसलेली, वरून मेण फासल्यासारखी चकचकीत, मळकट. मूठ आवळून बसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वहिनी संध्याकाळी समोर बसली, बोलली, आणि उत्तर नाही. चौथ्या दिवशी तिला बहिणीकडे दोन दिवस जायचं होतं, नाइलाजाने निघाली, उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "भावोजी, त्यांच्याकडे बघा हं." त्यांच्याकडे! "तिच्याकडे" नाही म्हणाली. माझी तर पाचावर धारण बसली.

आता तुम्ही म्हणाल, दादाची वही असेल की. होती! खणात होती. रोजचं तापमान, रोजचं मीठ, कोण मिटलं, कोण उघडलं, सगळं बारीक अक्षरात. उघडली. आणि तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. का? अहो, त्या वहीत दादाच्या अक्षरात मी लिहिलेलं होतं! शाळेत मी एकच विद्या शिकलो, दुसऱ्याचं अक्षर काढायची. प्रगतिपुस्तकावर मी केलेली बाबांची सही दादाने बघितली तरी त्याला बाबांचीच वाटायची. तर दादा अंघोळीला गेला की मी त्याच्या वहीत भर घालायचो. "रविवारी माशांना सुट्टी द्यावी." "मासे रुसल्यास माफी मागावी." दहा वर्षं! आता वाचायला बसलो तर माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, मलाच कळेना! आणि नेमकं एका पानावर, "छत्री मिटली तर ती कात टाकते आहे. आठ-दहा दिवस हात लावू नये. जवळ बसून राहावे."

मी म्हटलं, हा तर शंभर टक्के माझाच आचरटपणा! साप कात टाकतो, ठीक. कोबी कात टाकेल? आणि "जवळ बसून राहावे" म्हणे! वजनमापं तपासणारा माणूस असं लिहील? वही मिटली आणि ब्लेड काढलं. दाढीचं.

वहिनी घरी नाही तोवर उरकायचं ठरवलं. दादाचा रबरी एप्रन बांधला, दादाचा चष्मा लावला, माझ्या चष्म्याने जवळचं दिसत नाही म्हणून, आणि बाह्या वर करून टाकीत कोपरापर्यंत हात घातला. टोपीची मळकट कड चर्र चर्र कापली. मग देठ. देठ अर्धा कापला आणि छत्री बाजूला कलली… आणि तेवढ्यात साडेसहा. उजेड निळा. आणि छत्रीच्या मागे…

तोंड.

खरं सांगतो, तोंड! पांढरंफटक, डोळे उघडे, माझ्याकडे बघणारं. मी ओरडलो. ब्लेड बोटात. पाण्यात रक्ताची अशी दोरी वर आली, पट्टेवालं जोडपं दगडाआड पळालं, मी दारापर्यंत मागे, आणि ते तोंड तिथेच. बघतंय. नुसतं बघतंय! बघायची सवय कुणाची? सांगा की कुणाची!

मग धीर करून जवळ गेलो. फोटो होता. माझा. टाकी आणली त्या वर्षी मीच मागच्या काचेला बाहेरून चिकटवला होता, दादाला दचकवायला, आणि विसरूनही गेलो होतो. दहा वर्षांच्या उजेडाने त्याचा रंग उडाला, गाल बसले, आणि मी थेट दादासारखा दिसायला लागलो. त्याने काढला नव्हता. आता बाकीच्या मागच्या काचेवर हिरवं शेवाळ हाताएवढं माजलेलं, आणि फोटोसमोरची तेवढी चौकोनी काच अजून त्यामानाने लख्ख. म्हणजे पुसत होता. आतून हात घालून, छत्रीच्या मागे, माझं तोंड… दहा वर्षं पुसत होता.

मी खाली बसलो हो. टायमर असतो, टायमर असतो, असं म्हणत बसलो. फोटोला कुठला टायमर?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कापलेल्या जागी तपकिरी बुळबुळीत जेली, आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास. धावत गेलो टाकीवाल्याच्या दुकानात. तो एक नमुनाच आहे. माशांना त्रास होतो म्हणून जन्मभर कुजबुजत बोलतो. त्याचं नाव आम्ही कुजबुज्याच ठेवलंय. मी दारातूनच ओरडलो, "अहो, माझा रोगी सडतोय!"

"श्श्श…" हा. "काका, हळू. कापायच्या आधी कसं दिसत होतं?"

"मिटलेलं. वर मेण फासल्यासारखं."

त्याने डोळे मिटले. "काका… ती कात टाकत होती. वर्षातून दोन-तीनदा टाकते. नुसतं बसून राहायचं होतं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हणजे ते दादाचं अक्षर होतं! आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक मऊ वाक्य लिहिलं, आणि ते मी माझा विनोद समजलो.

"आता?" मी म्हटलं. कुजबुज्याने सगळं कानात सांगितलं, मंत्र दिल्यासारखं. आधी हातमोजे आणि पोहायचा चष्मा, कारण काही प्रवाळांचं विष डोळ्यात गेलं तर डोळाच जायचा. मग ती जेली नळीने ओढून घ्यायची, टाकीत पसरू द्यायची नाही. सडकं सगळं कापायचं, अगदी पांढरं निरोगी मांस लागेपर्यंत, माया करायची नाही. मग टाकीच्याच पाण्यात आयोडीन, पातळ चहाच्या रंगाचं, त्यात दहा मिनिटं बुडवायचं, दुसऱ्या पाण्यात खळबळायचं, आणि वेगळ्या बादलीत ठेवायचं, हीटर लावून, जोराचा प्रवाह सोडून, रोज पाणी बदलायचं. टाकीत कोळशाची पिशवी सोडायची, विष शोषायला. "जगेल?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले. ते सुद्धा आवाज न करता!

आणि वहिनी येणार संध्याकाळी! रिकामी जागा बघितली तर? "ते" कुठे गेले, काय सांगू? तेवढ्यात फळीवर दिसली… रबरी छत्री. हुबेहूब! नवशिक्यांसाठी असते म्हणे. पाण्यात सोडली की बोटं हलतात. मी कुजबुज्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, नको," तो म्हणाला. इतकं हळू म्हणाला की मला ऐकूच आलं नाही असं मी ठरवलं.

तर बघा माझी अवस्था. मागच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, बादलीत खरी छत्री, अर्धी कापलेली, आयोडीनने पिवळी पडलेली, आणि आतल्या खोलीत टाकीत रबर. साठ वर्षांतली सगळ्यात मोठी चेष्टा मी केली, आणि ही एकटीच अशी की हसू म्हणून येईना!

संध्याकाळी वहिनी आली, पाय धुतले, आणि साडेसहाला खुर्ची ओढली. मी दाराआड. ते आतल्या खोलीचं दार खालून चार बोटं कापलेलं आहे, दादानेच कापलं, टाकीचं पाणी बदलायची नळी न्हाणीघरापर्यंत न्यायला. तर नळी पायाशी, कान दाराला, जीव मुठीत. आत पंप घरघरतोय. टुळुक. पुन्हा टुळुक. मग वहिनीचा आवाज आला, "उघडलात का अहो. बरं झालं." आणि बोलायला लागली! रबराशी! मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं की नाही? नाही वाटलं. पट्टेवाल्या जोडप्याला सुद्धा कळलं होतं हो, ते रोज छत्रीच्या बोटांत झोपायचे, आता रबराला एकदा हुंगून कोपऱ्यात जाऊन बसले. माशाला कळलं आणि माझ्या वहिनीला कळलं नाही!

मग रोज तेच. सकाळी बादली उपसायची, मिठाचं पाणी कालवायचं, काळं पडलेलं कातरायचं, आयोडीन, दहा मिनिटं घड्याळ लावून. आणि छत्री मूठ आवळून गप्प. "दादा, ऊठ की रे," मी म्हणायचो. हो, म्हणायचो! मी बादलीशी बोलतो, ती रबराशी बोलते, घरात दोन माणसं आणि दोघं एकमेकांशी सोडून सगळ्यांशी बोलताहेत. आणि संध्याकाळी मी दाराआड हजर. जायचं नाही असं ठरवायचो, आणि साडेसहाला पाय आपोआप जायचे. मलाच टायमर लावल्यासारखे!

वहिनी काय काय सांगायची रबराला! "अहो, भावोजींची बोटं पिवळी पडलीत. मी विचारलं तर म्हणाले, हळद सांडली. स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा माणूस!" पुढच्या दिवशी, "अहो, भावोजी जेवत नाहीत धड. मी दोन पोळ्या वाढल्या तर एक खिशात घालतात आणि मागे जाऊन कुत्र्याला देतात, त्यांना वाटतं मला दिसत नाही." मी दाराआड चडफडतो, पण बोलणार कसा?

आणि आठव्या दिवशी… उजेड निळा. पंपाची घरघर. मग म्हणाली, "अहो, त्या दिवशी दवाखान्यात भावोजी म्हणाले ना, भाजी करून खातो, आणि पळाले बाहेर. तुम्ही हसलात. मास्क आतून एवढा धुरकटला तुमच्या हसण्याने की नर्स धावत आली, तिला वाटलं धाप लागली. तुम्ही हातानेच नाही म्हणालात. पायथ्याकडे बोट केलंत, तो कुठे गेला म्हणून. मी म्हटलं, येतील आत्ता. तुम्ही हसतच होता." मग म्हणाली, "हे भावोजींना कुणी सांगितलंच नाही."

मी दाराआड उभा होतो की बसलो होतो, मला आठवत नाही. भूतबित काही नसतं म्हणालो होतो ना मी? मागे घेतो. त्या खोलीत त्या वेळी दादा होता.

नवव्या दिवशी बादलीचं झाकण उघडलं, तर छत्रीच्या उरलेल्या अर्ध्या टोपीवर एक बोट बाहेर! बारीक, पांढरं, करंगळीच्या नखाएवढं. मग दुसरं. दहाव्या दिवशी दुपारी अठ्ठावीस मोजली. मी नाचलो. एकाहत्तराव्या वर्षी बादलीभोवती नाचलो!

आता अदलाबदल. वहिनी बाजारात गेलेली. पण खारं पाणी म्हणजे घाई चालत नाही, टाकीचं पाणी बादलीत थेंब थेंब सोडायचं, तासभर. मग देठ दगडाला रबरबँडने बांधायचा, तर तो निसटतो. पुन्हा बांधला, पुन्हा निसटला. रबरी छत्री काढून माझ्या बगलेत, खरी माझ्या हातात, कोपरापर्यंत पाणी, पट्टेवाली बाई माझ्या मनगटाला टोचे मारतेय… आणि उजेड निळा झाला. साडेसहा! मागे खुर्ची ओढल्याचा आवाज.

मी वळलो नाही. वळवेना. समोरच्या काचेत, फोटोत, मी. त्याच्यावर माझी सावली, दादाचा चष्मा लावलेली. आणि दोघांच्या मागे वहिनी. बगलेतल्या रबरातून पाणी ठिबकतंय. ततपप करत सगळं ओकून टाकलं. ब्लेड, कात, जेली, बादली, सगळं. आणि शेवटी म्हणालो, "वहिनी, दहा दिवस मी तुम्हाला फसवलं. तुम्ही रोज अर्धा अर्धा तास रबराशी बोलत होता, आणि मी बोलू दिलं. माफ करा मला."

वहिनी उठली, माझ्या हातातला रबरबँड घेतला, देठाला दोन वेढे नीट घातले, छत्री दगडावर टेकवली, पदराला हात पुसले, आणि म्हणाली…

"रबराशी मी कशाला बोलेन, भावोजी? दाराखालून तुमचे पाय दिसत होते."